देवाला कपडे का नाहीत?



दशलक्षण पर्वात अभिषेक चालू होता. मंदिरात शांतता, आणि माझा साडेचार वर्षांचा नातू मोठ्यांदा म्हणाला, "आजी, देवाने कपडे घातले नाहीत. मग मलाच 'शेम शेम' का म्हणतेस?" शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी त्याचा हात ओढून "गप" म्हणाले. घरी येईपर्यंत ते 'गप' मलाच लागून राहिलं. त्याचं चुकलं काय होतं?

आपल्या सोलापुरात खाजगीपण ही तशी नवीच गोष्ट. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी निघाली, जिला आपण जुनी मिल म्हणतो. मग आणखी गिरण्या आल्या आणि एकेका खोलीत सात-आठ माणसं राहू लागली. अंघोळीला कोपऱ्यातली मोरी, आडोशाला जुनं लुगडं. लहान पोरं नुसत्या करदोड्यावर दारात खेळत. मुलगा-मुलगी यांतला फरक त्यांना डोळ्यांनी कळायचा, पण त्याबद्दल विचारलं की पाठीत धपाटा. शू आणि शी यांच्या पुढचे शब्दच घरात नव्हते.

ते शब्द छापणाऱ्या एका माणसाची गोष्ट आपण फारशी सांगत नाही. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव. गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्या कामापायी पुढे प्राध्यापकीही गेली. पत्नी मालतीबाई पाठीशी राहिल्या. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यात वाचक शरीराबद्दलचे प्रश्न पत्राने विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं देत. १९३१ मध्ये एका लेखावरून अश्लीलतेचा खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला, आणि तो अशाच प्रश्नोत्तरांवरून. या वेळी त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक जे विचारतात त्याचं शास्त्राला धरून उत्तर देणं म्हणजे अश्लीलता नव्हे, असा त्यांचा मुद्दा होता. कोर्टाला तो पटला नाही. दोनशे रुपये दंड. कर्व्यांनी दंड भरला आणि मासिक चालूच ठेवलं, १९५३ साली वारले तोपर्यंत.

कर्व्यांची सगळी मतं मला पटत नाहीत. मुखपृष्ठावरची ती उघडी चित्रं आमच्या सासूबाईंनी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नसती. पण ती पत्रं लिहिणारी माणसं चांगली मोठी, संसारी असणार. लहानपणी त्यांनाही कुणीतरी "गप" म्हटलं असेल, असं मला राहून राहून वाटतं.

या "गप"ची किंमत पुढे आकड्यांत दिसली. २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांशी बोलून अहवाल काढला. निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. त्रास देणाऱ्यांत ओळखीची माणसं पुष्कळ होती, आणि बहुतेक मुलांनी तोवर कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? त्या जागेला नाव नाही, आणि नाव काढलं तर मारच बसणार. त्याच वर्षी आपल्या राज्याने शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं, हेही लक्षात ठेवा.

२०१२ च्या मे महिन्यात 'सत्यमेव जयते'मध्ये आमीर खानने लहान मुलांना समोर बसवून छाती, दोन पायांच्या मधली जागा आणि बसायची जागा अशा तीन जागा समजावल्या. तिथे कुणी हात लावला तर ओरडायचं, पळायचं, विश्वासाच्या माणसाला सांगायचं. तेव्हा आमच्या घरात कुणीतरी उठून चॅनल बदललं होतं. त्याच नोव्हेंबरात पॉक्सो कायदा लागू झाला. असं काही घडल्याचं कळूनही गप्प बसणं हा आता गुन्हा आहे, मग तो माणूस कितीही जवळचा असो. मुलांसाठी १०९८ हा फोन नंबरही आहे.

तर त्या दिवशी दुपारी नातवाला जवळ घेतलं. म्हटलं, "भगवंतांना काहीच नको होतं, म्हणून कपडेही नकोत. तुला अजून चॉकलेट हवं असतं ना? मग चड्डीही हवी." हे त्याला लगेच पटलं. मग म्हटलं, "आणि शेम शेम माझं चुकलं. ती जागा घाण नाही. ती तुझी आहे. अंघोळ घालताना आई-बाबा किंवा मी, आणि आई जवळ असेल तर डॉक्टर. बाकी कुणी नाही. कुणी हात लावला आणि 'सांगू नको' म्हणालं, तर आधी मला येऊन सांगायचं. मी रागावणार नाही."

"ताईची पण तिची?"

"ताईची पण तिची."

दुसऱ्या दिवशी स्वारीने न्हाणीघराचं दार आतून लावून घेतलं. साबण बाहेर राहिला होता. मी दार वाजवलं तर आतून आवाज, "आजी, खालून सरकव."