टनामागचा उपकर आणि मजुराची छाती : मजूरमंत्री बाबासाहेबांचे विसरलेले अर्थशास्त्र

घोडेगावात १४ एप्रिलला लागणाऱ्या फ्लेक्सवर बाबासाहेबांच्या हातात संविधान असते. ते असलेच पाहिजे. पण १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी केलेले काम आपण भाषणात दोन वाक्यांत उरकतो. आम्हीही वर्षानुवर्षे तेच केले.

डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ३१ जानेवारी १९४४ ला, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर टनामागे उपकर आणि त्या पैशातून मजुरांसाठी दवाखाने, घरे, पाणी, शाळा. १९४७ मध्ये त्याचा कायदा झाला. धनबाद आणि आसनसोलची मोठी केंद्रीय रुग्णालये याच निधीतून उभी राहिली.

यात दानधर्म कुठेच नाही, हिशेब आहे. कोळशाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत जाते, फुफ्फुसात साचते, घट्ट होते. याला न्यूमोकोनिओसिस म्हणतात. तो बरा होत नाही, फक्त टाळता येतो. कोळसा कापताना पाणी मारणे, छिद्र पाडताना ओले ठेवणे, खाणीत पुरेशी हवा खेळवणे, धूळ नियमित मोजणे हे सगळे उपाय जुने आणि माहीत असलेले आहेत. मग ते होत का नाहीत? कारण खर्च आज मालकाच्या वहीत पडतो, आणि आजार दहा-वीस वर्षांनी मजुराच्या घरात उगवतो. तोवर तो माणूस त्या खाणीत नसतोच. जो वाचवलेला पैसा मालकाच्या खिशात राहतो, तो त्याच्या बायकोच्या मजुरीतून, पोराच्या सुटलेल्या शाळेतून वसूल झालेला असतो. कोळसा स्वस्त मिळतो याचा अर्थ त्याच्या किमतीचा एक भाग दुसऱ्याच कोणीतरी चुकवला आहे. ती किंमत टनावर लावा, हे त्या उपकराचे म्हणणे.

अमेरिकेला हे बरेच उशिरा सुचले. १९६८ मध्ये फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ कामगार मेले. पुढच्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनियाच्या हजारो खाणकामगारांनी ‘काळ्या फुफ्फुसा’च्या प्रश्नावर संप केला, तेव्हा १९६९ मध्ये धुळीवर कायद्याची मर्यादा आली. जबाबदार मालक सापडत नसेल तर भरपाई देण्यासाठी कोळशावर टनामागे कर बसायला १९७८ उजाडले.

पण आपल्या निधीची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. तो आजारी मजुराला दवाखाना देत होता. धूळ दाबण्याची सक्ती त्याच्या हातात नव्हती. शिवाय याच काळात, युद्धाच्या नावाखाली, १९४३ मध्ये स्त्रियांना भूमिगत कामाची बंदी उठवली गेली, आणि ते खाते बाबासाहेबांकडेच होते. विधिमंडळात त्यांनी ही आणीबाणीची तात्पुरती सोय आहे असे सांगितले, समान कामाला समान वेतनाची अट दाखवली. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी परत आली. हा भाग झाकून ठेवण्यात आम्हाला काही अर्थ वाटत नाही. भक्तांना लपवावे लागते, अनुयायांना नाही.

पुढे १९७३ मध्ये खाणी राष्ट्रीयीकृत झाल्या आणि १९८६ मध्ये कल्याण निधीचा कायदाच रद्द करून ती जबाबदारी कोळसा कंपन्यांकडे गेली. कायम कामगाराला कंपनीचा दवाखाना मिळाला. पण चंद्रपूर-वणी पट्ट्यात आज जो ठेकेदाराकडे डंपर चालवतो, कोळसा भरतो, त्याचे काय? २०२५ पर्यंत लागू असलेला नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा म्हणत होता की अशा आजारात माणूस अनेक मालकांकडे राबला असेल तर जबाबदारी सगळ्यांवर वाटली जाईल. वाचायला छान आहे. पण ठेकेदार दर दोन वर्षांनी बदलतो आणि हजेरीचा कागद मजुराकडे नसतो. आणि हा बिनकागदी मजूर बहुतेक वेळा कुठल्या वस्तीतून येतो, हे आम्ही सांगायला नको. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू एका दमात सांगितले, ते उगीच नाही.

आमच्या नेवासा तालुक्यात कोळशाची खाण नाही, हे खरे. पण त्याच १९२३ च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, कोळशाच्या आणि दगडाच्या धुळीच्या आजारांशेजारी, बगॅसोसिस हे नाव होते: उसाच्या जुन्या, बुरशी धरलेल्या बगॅसच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार. घोडेगावच्या चारी बाजूंना ऊस आहे, कारखाने आहेत, बगॅसचे ढीग आहेत. त्या ढिगावर फावडे चालवणाऱ्या, तोंडाला गमछा बांधलेल्या आपल्या पोरांपैकी किती जणांच्या छातीचा एक तरी एक्स-रे निघाला आहे, हे येत्या जयंतीच्या बैठकीत आम्ही नावानिशी विचारणार आहोत. वर्गणीचा विषय त्यानंतर घेऊ.