सारायेव्होचा वाल्टर

युगोस्लाव्हिया हे राष्ट्र आज नकाशावर उरलेले नाही; परंतु त्याने स्वतःविषयी जी शौर्यकथा रचली, तिला चेहरा मिळाला तो एका सर्बियन नटाचा. वेलिमिर झिवोयिनोविच हे त्याचे नाव. लोक त्याला ‘बाता’ म्हणत. भावाला लाडाने हाक मारण्याचा हा तिकडचा शब्द होय. १९३३ साली म्लादेनोवात्सजवळच्या एका खेड्यात तो जन्मला, १९५५ साली पडद्यावर आला आणि पुढे तीनशेंहून अधिक चित्रपटांत व मालिकांत दिसला. त्यांतील कित्येक आज कोणाच्या स्मरणातही नाहीत.

१९४१ साली जर्मनीने देश व्यापला, तेव्हा टिटोंच्या गनिमी सैनिकांनी दिलेला लढा हा युद्धोत्तर युगोस्लाव्ह चित्रपटांचा आवडता विषय होता. बाता बहुधा या लढवय्यांच्या भूमिकेत असे. पण त्याचे खरे सामर्थ्य पाहावयाचे, तर १९६५ सालचा अलेक्सांडर पेत्रोविच यांचा ‘तीन’ हा चित्रपट पाहावा. त्यातील मिलोश युद्धारंभी एका निरपराध माणसाला संशयावरून गोळी घातलेली पाहतो. पुढे स्वतः जर्मनांपासून जीव घेऊन पळतो. आणि अखेर विजयी सेनेचा अधिकारी झाल्यावर मृत्युदंड झालेल्या एका तरुणीकडे हतबलपणे पाहत राहतो. भाषण नाही, आक्रोश नाही. सारे काही त्या रुंद, थकलेल्या चेहऱ्यावर वाचावे.

कीर्ती मात्र मिळाली ती १९७२ सालच्या ‘वाल्टर सारायेव्होचे रक्षण करतो’ या हायरुदिन क्र्वावात्स यांच्या चित्रपटाने. वाल्टर हे व्लादिमिर पेरिच या खऱ्या भूमिगत नेत्याचे टोपणनाव. सारायेव्हो मुक्त होत असतानाच, एप्रिल १९४५ मध्ये, तो मारला गेला. चित्रपटात जर्मन अधिकारी वाल्टरला अखेरपर्यंत पकडू शकत नाही. शहर सोडताना तो टेकडीवरून खालच्या घरांकडे बोट दाखवितो आणि हे अवघे शहरच वाल्टर असल्याची कबुली देतो. चीनमध्ये या चित्रपटाने अफाट लोकप्रियता मिळविली. तेथे वाल्टरच्या नावाची बिअरसुद्धा निघाली!

त्यानंतर काळाने क्रूर वळण घेतले. १९९२च्या एप्रिलपासून १९९६च्या फेब्रुवारीपर्यंत बोस्नियातील सर्ब सैन्याने याच सारायेव्होला वेढा घातला. त्या दशकात बाता मिलोशेविच यांच्या समाजवादी पक्षातर्फे सर्बियाच्या विधिमंडळात बसत होता, आणि मिलोशेविच यांच्या राजवटीने त्या सैन्याला पाठबळ दिले होते. सारायेव्होतील चाहत्यांना हे कसे रुचावे? १९९६च्या ‘सुंदर गावे सुंदर जळतात’ या चित्रपटात त्याने जुन्या युगोस्लाव्ह सैन्याच्या संस्कारांत वाढलेला, आता भ्रातृयुद्धात सापडलेला ग्वोझदेन हा अधिकारी उभा केला. त्याच्या जुन्या भूमिका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही भूमिका अधिकच जड वाटते.

२००२ साली तो राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला. मते फार थोडी पडली. २२ मे २०१६ रोजी बेलग्रेडमध्ये त्याचे निधन झाले. तीन वर्षांनी सारायेव्होत वाल्टरच्या चित्रपटाला वाहिलेले एक संग्रहालय उघडले.