कमानछत व ओसरी (लखनौ)
विटा किंवा दगड कमानीच्या वळणाने रचून, तुळया व मधले खांब न देता केलेले लांबट आच्छादन म्हणजे कमानछत. सपाट छताचे वजन भिंतींवर सरळ खाली उतरते; कमानछत मात्र भिंतींना बाहेरच्या बाजूलाही रेटते. हा रेटा पेलण्यासाठी भिंती जाड करतात किंवा त्यांना बाहेरून आधार देतात. मोठ्या इमारतीत हा आधार पुष्कळदा भोवतालच्या ओसऱ्या आणि दालनेच देतात. त्यामुळे केवळ सावलीची जागा वाटणारी ओसरी रचनेचा भार वाहणारे अंग ठरते.

भारतातील याचे ठळक उदाहरण म्हणजे लखनौचा बडा इमामबाडा. अवधचे नवाब आसफुद्दौला यांनी १७८४ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून तो बांधायला घेतला. वास्तुकार किफायतुल्ला होते. नवाब आणि ते, दोघांच्याही कबरी याच इमारतीत आहेत. मधला दिवाणखाना सुमारे ५० मीटर लांब, १६ मीटर रुंद आणि १५ मीटर उंच असून त्यात एकही खांब नाही. बांधकाम पातळ लाखोरी विटांचे आणि चुन्याचे आहे, लाकूड व लोखंड त्यात जवळजवळ नाहीच. दिवाणखान्याच्या दोन्ही लांब बाजूंना सुमारे ८ मीटर रुंदीच्या ओसऱ्या आहेत, तर दोन्ही टोकांना स्वतंत्र दालने.

जेम्स फर्ग्युसन यांनी भारतीय वास्तुकलेवरील १८७६ च्या ग्रंथात या छताची कृती दिली आहे. विटा-मातीचा ओबडधोबड साचा उभारून त्यावर काही फूट जाडीचे जाडेभरडे काँक्रीट घालायचे, वर्ष-दोन वर्षे ते घट्ट होऊ द्यायचे आणि मग साचा काढून घ्यायचा. असे छत एकसंध दगडासारखे होते, ते बाजूला रेटतच नाही, असे त्यांचे मत होते. ते पुरते पटण्याजोगे नाही. चुना ताणाला कच्चा असतो आणि तडा गेल्यावर छत पुन्हा कमानीसारखेच वागू लागते. जाड भिंती आणि दुतर्फा ओसऱ्या त्या वेळी उपयोगी पडतात.

भोवतालच्या दालनांची छते वेगवेगळ्या उंचीची आहेत. त्यांच्या वरची जागा भरीव न ठेवता अरुंद बोळ, जिने आणि दारे यांनी पोखरली आहे. हीच प्रसिद्ध भूलभुलैया. शत्रूला चकवण्यासाठी ती केली, असे वाटाडे रंगवून सांगतात. वजन कमी करायचे आणि आधाराची जाडी मात्र सोडायची नाही, ही गरज त्या पोकळ्यांचा अधिक सरळ उलगडा करते.

कार्ल्याच्या चैत्यगृहातील गजपृष्ठाकार छत दिसायला कमानछताच्याच जातीचे आहे, पण ते डोंगरातून कोरलेले. त्याच्या लाकडी फासळ्या लाकडी इमारतींच्या अनुकरणाने बसवलेल्या आहेत, त्या डोंगराचे वजन पेलत नाहीत.

अठराव्या शतकाच्या अखेरीस लखनौत युरोपीय धाटणीच्या कोठ्या झाल्या. क्लॉद मार्तँ यांच्या कॉन्स्टँशिया या कोठीत, म्हणजे आजच्या ला मार्टिनियर शाळेत, कमानी छतांवर नाजूक चुनेगच्चीचे नक्षीकाम आहे. १८०० च्या सुमाराच्या दिलकुशा कोठीला पायऱ्यांचा, उंच स्तंभांचा मुखमंडप होता. ओसरी आतल्या सावलीची, तर हा मंडप समोरून येणाऱ्याला घराचा दर्जा दाखवणारा.

आज शहराच्या उत्तरेला कुर्सी रोडकडील विकास नगरसारख्या वसाहतींतील घरे आरसीसीची असतात. स्लॅबमधील सळया ताण घेतात, त्यामुळे छत सपाट राहते आणि भिंतींना बाजूचा रेटा बसत नाही. पोर्चवरही आता मुख्य छताची जबाबदारी उरलेली नाही. उन्हापावसात दार उघडायला आडोसा आणि गाडीला जागा एवढेच त्याचे काम. कमान तिथे दिसली तर ती बहुधा पीओपीची, वरच्या स्लॅबला टांगलेली असते.