दोनास एक

बाथ बॉम्बची कुठलीही रेसिपी उघडा. वास लॅव्हेंडरचा असो की गुलाबाचा, सुरुवात ठरलेली: दोन भाग खायचा सोडा, एक भाग सायट्रिक अ‍ॅसिड. हे दोनास एक आलं कुठून? कोडमध्ये अशी कुठूनतरी कॉपी-पेस्ट होत आलेली संख्या दिसली की आम्हा मंडळींचे हात शिवशिवतात. तेव्हा या वीकेंडला तिचाच माग काढू.

सुरुवात स्वयंपाकघरातून. ढोकळ्यासाठी आणलेली इनोची पुडी उलटी करून वाचा. स्वर्जिकाक्षार आणि निंबुकाम्ल अशी भारदस्त नावं दिसतील. म्हणजे तोच आपला खायचा सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिड! दोघं कोरडे असेपर्यंत एकाच पुडीत गुण्यागोविंदाने नांदतात. पाणी पडलं की कार्बन डायऑक्साइड फसफसत बाहेर येतो. थोडक्यात, बाथ बॉम्ब हा इनोचा सुगंधी चुलतभाऊ.

पण या दोघांना एकत्र नांदवायला वेळ लागला. १९ व्या शतकात इंग्लंडमध्ये पोट साफ करायला 'सायडलित्झ पावडर' मिळायची. ती दोन वेगळ्या कागदांत येई. निळ्या कागदात सोडा आणि एक क्षार, पांढऱ्यात टार्टारिक अ‍ॅसिड. दोन्ही पाण्यात मिसळायची आणि फेस आहे तोवर गटागट प्यायची. हवेतल्या दमटपणाने काम बिघडू नये म्हणून सरळ दोन पुड्या. साधा, पण भक्कम उपाय.

आणि सायट्रिक अ‍ॅसिड का नाही? ते माहीत होतं. स्वीडनच्या कार्ल शीलेने १७८४ मध्येच लिंबाच्या रसातून ते वेगळं काढलं होतं. पण ते मिळवायचं म्हणजे लिंबं हवीत, आणि या धंद्यावर पकड होती इटलीची. टार्टारिक अ‍ॅसिड मात्र वाइनच्या पिंपांत साचणाऱ्या थरातून मिळायचं.

चित्र पालटलं ते एका बुरशीमुळे. १९१७ मध्ये जेम्स करी या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की अ‍ॅस्परजिलस नायजर ही काळी बुरशी साखरेपासून भरपूर सायट्रिक अ‍ॅसिड बनवते. पहिल्या महायुद्धामुळे इटलीचा माल मिळणं अवघड झालं होतंच. फायझर कंपनीने करीला हाताशी धरलं आणि १९१९ मध्ये उत्पादन सुरू केलं. आज वाण्याकडे मिळणारं 'लिंबूसत्त्व' बहुतेक याच वाटेने येतं. लिंबाचा त्यात थेंबही नसतो!

पुढे १९३१ मध्ये अमेरिकेत अल्का-सेल्टझर आली. सोडा, सायट्रिक अ‍ॅसिड आणि अ‍ॅस्पिरिन, सगळं एका गोळीत. ही फसफसणारी गोळी पाहूनच इंग्लंडच्या मो कॉन्स्टंटाइन यांना कल्पना सुचली. नाजूक त्वचेला चालेल असं काहीतरी त्यांना आंघोळीच्या पाण्यासाठी हवं होतं. १९८९ मध्ये घरामागच्या शेडमध्ये त्यांनी पहिला बाथ बॉम्ब बनवला. पुढे १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'लश' या कंपनीच्या त्या सहसंस्थापक.

आता आकडेमोड. रसायनशास्त्राच्या हिशोबाने सायट्रिक अ‍ॅसिडच्या एका रेणूला सोड्याचे तीन रेणू लागतात. वजनात १९२ ग्रॅमला २५२ ग्रॅम, म्हणजे साधारण एकास १.३. मग आपल्या रेसिपीत दोन का? १०० ग्रॅम सोडा आणि ५० ग्रॅम अ‍ॅसिड घेतलं तर ६६ ग्रॅमच सोडा वापरला जातो, ३४ ग्रॅम तसाच उरतो. गॅस निघतो सुमारे १९ लिटर, म्हणजे एक मोठी बादलीभर! उलट अ‍ॅसिड उरलं असतं तर खरचटलेल्या जागी झोंबलं असतं. शिवाय दोघांत सोडा स्वस्त. दोनास एक हे काही अचूक समीकरण नाही, सोड्याच्या बाजूला झुकवलेली सेफ्टी मार्जिन आहे.

बाकीचे घटकही याच हिशोबातले. कॉर्नफ्लोअर (सोड्याच्या पाव ते अर्धा भाग) कणांच्या मध्ये येतं आणि फेस सावकाश निघतो. चमचाभर खोबरेल गोळा बांधायला मदत करतं. पाणी मात्र स्प्रेने, तेही एक-दोन फवारे. जास्त झालं तर गोळा हातातच फुगायला लागतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तेवढं काम हवाच करते, म्हणून हा उद्योग हिवाळ्यात करावा आणि गोळे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ही प्रमाणं दीडशे लिटरच्या बाथटबसाठी आहेत. आपल्याकडे बहुतेक घरांत बादली, पंधरा लिटरची. तोच गोळा बादलीत टाकला तर सोडा, रंग आणि सुगंधी तेल, सगळंच दहापट तीव्र. त्वचेचं नाजूकपण जपायला जन्मलेली वस्तू मग त्वचेलाच त्रास देणार. तेव्हा दोनास एक कायम ठेवा, पण गोळा दहापट लहान करा. १० ग्रॅम सोडा, ५ ग्रॅम अ‍ॅसिड, सुगंधी तेलाचा एखादाच थेंब. मोठ्या सुपारीएवढा गोळा होतो. बादलीला तेवढा पुरे. आणि हो, तेलामुळे फरशी निसरडी होते, बेताने पाय टाका :)