सुएझ १९५६ : आग लावणारे आणि विझवायला धावणारे

कुठेही युद्ध पेटलं, बंड झालं की 'यामागे परकी हात आहे' हे वाक्य लगेच कानावर येतं. ते कधी खरं असतं, कधी नुसतंच सोयीचं असतं. हा फरक कसा ओळखायचा, हे आज आपण एका उदाहरणावरून पाहू. मुद्दाम असं युद्ध घेऊ, ज्याचा कट लेखी आणि सह्यांनिशी सापडला आहे.

आधी जगाला काय दिसलं ते बघा. जुलै १९५६ मध्ये अमेरिकेने आणि पाठोपाठ ब्रिटनने आस्वान धरणासाठी देऊ केलेली मदत मागे घेतली. २६ जुलैला इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालवा कंपनीचं राष्ट्रीयीकरण केलं. २९ ऑक्टोबरला इस्रायलने सिनाईत फौजा घुसवल्या. दुसऱ्याच दिवशी ब्रिटन आणि फ्रान्सने दोघांनाही बजावलं, की कालव्यापासून दहा मैल मागे हटा. इस्रायली फौजा तर अजून कालव्यापर्यंत पोचल्याही नव्हत्या! म्हणजे मागे हटायचं होतं ते इजिप्तने, आणि तेही स्वतःच्याच भूमीवर. नासर यांनी नकार दिला. ३१ ऑक्टोबरला बॉम्बहल्ले सुरू झाले, ५ नोव्हेंबरला पोर्ट सईदजवळ छत्रीधारी सैनिक उतरले. सांगितलेलं कारण एकच : लढणाऱ्या दोघांना वेगळं करणं आणि कालवा वाचवणं.

आता पडद्यामागे जाऊ. २२ ते २४ ऑक्टोबर या काळात पॅरिसजवळच्या सेव्ह्र या गावी एका बंगल्यात तिन्ही देशांची गुप्त बैठक झाली. इस्रायलने हल्ला करायचा, मग ब्रिटन-फ्रान्सने निर्वाणीचा इशारा द्यायचा आणि इजिप्तने तो नाकारला की त्याच्यावर हल्ला करायचा, हा सगळा क्रम तिथे आधीच ठरला होता. त्यावर सह्याही झाल्या. ब्रिटिश पंतप्रधान ईडन यांना हे लेखी झाल्याचं कळताच त्यांनी प्रती नष्ट करवण्यासाठी अधिकाऱ्यांना परत पॅरिसला पाठवलं. पण बेन-गुरियन आपली प्रत घेऊन केव्हाच मायदेशी निघाले होते. २० डिसेंबरला ईडन यांनी संसदेत सांगितलं, की हल्ल्याची आपल्याला आधी कल्पना नव्हती. इस्रायलकडची प्रत १९९६ मध्ये उजेडात आली आणि त्या विधानाचा निकाल लागला.

लक्षात घ्या, करार एक असला तरी तिघांचे हेतू वेगळे होते. ब्रिटनला कालवा परत हवा होता आणि नासर नको होते. इस्रायलला तिरानची सामुद्रधुनी खुली हवी होती, सीमेवरचे छापे थांबायला हवे होते. आणि फ्रान्सची नजर होती अल्जीरियावर.

तिथे १ नोव्हेंबर १९५४ ला उठाव सुरू झाला होता. फ्रेंच सरकारचं म्हणणं, बंडाचं मूळ कैरोत आहे. यात तथ्य अजिबात नव्हतं असं नाही. कैरो रेडिओवरून बंडखोरांचा प्रचार चालायचा. ऑक्टोबर १९५६ मध्येच इजिप्तहून त्यांच्यासाठी शस्त्रं नेणारं 'आथोस' जहाज फ्रेंचांनी पकडलं होतं. पण पुरवठा म्हणजे मूळ नव्हे. हिरावलेल्या जमिनी, नाकारलेले समान हक्क आणि १९४५ मधलं सेतीफचं हत्याकांड, ही मुळं अल्जीरियातच होती. शिवाय परकी हाताच्या नावाने ओरडणारं हेच सरकार त्याच महिन्यात दुसऱ्या देशात स्वतःचा हात घालण्याची तयारी करत होतं.

शेवट काय झाला? अमेरिकेने पौंड सावरायला मदत नाकारली आणि ६ नोव्हेंबरच्या मध्यरात्री ब्रिटन-फ्रान्सला थांबावं लागलं. तोवर पोर्ट सईदच्या शेकडो सामान्य माणसांचा जीव गेला होता. पुढे संयुक्त राष्ट्रांचं शांतिदल तिथे गेलं, त्यात भारतीय सैनिकही होते. जानेवारी १९५७ मध्ये ईडन यांनी राजीनामा दिला. नासर मात्र टिकले. अल्जीरियातलं युद्ध १९६२ पर्यंत चाललं, ते स्वातंत्र्यावरच थांबलं.

म्हणून परकी हाताची चर्चा निघाली की आपण दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. बाहेरून कोणी काय पुरवलं, याला पुरावा काय? आणि तो पुरवठा बंद केला, तर माणसांचा राग संपेल का? पहिल्याचं उत्तर सेव्ह्रसारखं चाळीस वर्षांनीही मिळू शकतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र त्या देशातल्या माणसांकडेच असतं, आणि त्यांना विचारायला फ्रान्स तयार नव्हता. पुढच्या भागात याच अल्जीरियाकडे सविस्तर वळू.