हार्यू
हार्यू हा फिनिश शब्द. बर्फाच्या प्रचंड थराखालच्या बोगद्यांतून वितळलेलं पाणी वाहतं, सोबतची वाळू नि गोटे तिथेच टाकतं. बर्फ ओसरला की त्या गाळाची लांबच लांब, नागमोडी टेकडी उरते, तीच हार्यू. फिनलंडमधली पुंकाहार्यू सुमारे ७ किलोमीटर लांब आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना तळी आहेत.

नागपूरकर वाचकाने सेमिनरी हिल्स किंवा सीताबर्डीच्या टेकडीकडे बोट दाखवू नये. त्या लाव्हाच्या, काळ्या पाषाणाच्या.

मात्र विदर्भात बर्फ होता! चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ, पैनगंगेकाठी, १८७२मध्ये भूवैज्ञानिक फेडन यांना चुनखडीचा घासून गुळगुळीत झालेला पृष्ठभाग आढळला. त्यावर समांतर ओरखडे आणि वर तालचीर नावाच्या खडकथरातले लहानमोठे धोंडे. हिमनदी तळाशी रुतलेले दगड फरफटत नेते, तेव्हा असे चरे पडतात. ही गोष्ट सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा भारत गोंडवन या महाखंडाचा भाग होता आणि दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता. फिनलंडचे हार्यू त्यामानाने कालपरवाचे, जेमतेम ११-१२ हजार वर्षांचे. — संपादक