फकिराने काय बदलले?

अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) ही कादंबरी अभ्यासक्रमाला लागली की परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो : फकिरा हा बंडखोर की समाजसुधारक? 'दोन्ही' असे सोयीचे उत्तर विद्यार्थी लिहितात आणि आम्ही शिक्षकही त्यास गुण देऊन मोकळे होतो. प्रश्न मात्र तेवढ्याने सुटत नाही. नायक आपल्या माणसांचा नेता झाला, त्यांच्यासाठी लढला, त्यांच्यासाठी मेला, एवढ्यावरून त्याने अन्यायी समाज सुधारला असे म्हणता येईल काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. हा नकार कादंबरीचा अवमान करणारा नाही. तो कादंबरीतच लिहिलेला आहे, असे आम्हांस वाटते.

कथानक वाचकांना ठाऊक आहे, म्हणून त्याचे दोनच टप्पे येथे पाहू. पहिला राणोजीचा. फकिराचा हा बाप शेजारच्या शिगावातून जोगणी आणतो आणि त्या साहसात प्राण गमावतो. जोगणी वाटेगावात आली म्हणजे गावाला जत्रा मिळाली, मान मिळाला. राणोजीचे नाव गावभर झाले, पाटील-कुलकर्ण्यांच्या डोळ्यांत पाणी आले. परंतु मांगवाडा होता तिथेच राहिला. गावासाठी मरण्याचा अधिकार मांगाला आहे, गावात राहण्याचा नाही, ही विसंगती अण्णा भाऊ कुठेही भाष्य करून सांगत नाहीत. ती घटनेतूनच दिसते.

दुसरा टप्पा दुष्काळाचा. माणसे उपासमारीने मरू लागतात तेव्हा फकिरा माळवाडीचे धान्याचे कोठार फोडतो आणि ते धान्य भुकेल्यांना वाटतो. पुढे बेडसगावचा सरकारी खजिना लुटला जातो. इथे फकिरा खऱ्या अर्थाने नेता होतो : त्याच्यामागे माणसे आहेत, त्याचा शब्द चालतो, आणि तो स्वतःसाठी काही ठेवत नाही. पण कोठार रिकामे झाल्यावर काय? पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा भरणार, आणि भरणारा पुन्हा तोच असणार. कोठार कोणाचे असावे हा प्रश्न कादंबरीत विचारला जातच नाही. ज्या रात्री पोट भरले त्या रात्रीपुरता न्याय झाला. सरकार मग फकिराच्या माणसांना धरून ठेवते आणि तो शरण जातो. हे शरण जाणे आम्हांस कादंबरीतील सर्वांत खरे पान वाटते. एकट्या वीराला व्यवस्था अशीच हरवते. तलवारीने नव्हे, त्याच्या प्रेमाच्या माणसांना ओलीस धरून.

या साऱ्यामागे एक कायदा उभा होता. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या सुधारित कायद्याने त्याचा अंमल देशभर पसरला. जन्मानेच माणूस गुन्हेगार ठरवायचा, त्याचे नाव नोंदवायचे, त्याने नेमल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही, अशी ती व्यवस्था. 'फकिरा'त हजेरीचा जो जाच येतो तो कल्पनेचा खेळ नाही; अण्णा भाऊंच्या मातंग समाजाने तो सोसलेला होता. सोलापूरसारख्या ठिकाणी तर काटेरी तारांच्या आत माणसांच्या वसाहतीच वसवल्या गेल्या.

हा कायदा गेला कसा? कोणा फकिराच्या बंडाने नव्हे. चौकशी समित्या बसल्या, अहवाल झाले, मुंबई प्रांताने तो १९४९ मध्ये रद्द केला आणि १९५२ च्या ऑगस्टअखेर तो देशभर रद्द झाला. त्याच्या जागी 'सराईत गुन्हेगारां'विषयीचे कायदे राज्याराज्यांत आले आणि विमुक्त झालेल्यांकडे पाहण्याची पोलिसांची दृष्टी फारशी बदलली नाही, हा पुढचा कटू इतिहास. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की अण्णा भाऊंनी 'फकिरा' लिहिली तेव्हा हजेरीचा कायदा जाऊन काही वर्षे लोटली होती. त्यांना हवे असते तर शेवटी स्वातंत्र्याची पहाट दाखवून फकिराच्या रक्ताचे चीज झाले असे लिहिणे कठीण नव्हते. त्या काळच्या अनेक कादंबऱ्यांनी ते केलेही. त्यांनी केले नाही. कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. म्हणजे तलवारीची कथा सांगून ती लेखणीच्या हवाली केली. कायदा शिकलेल्या, घटना लिहिणाऱ्या माणसाची ती लेखणी होती. या अर्पणपत्रिकेकडे समीक्षकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही.

मराठी कादंबरीला हा प्रश्न त्यापूर्वीही पडला होता. हरि नारायण आपटे यांच्या 'मी' (१८९५) मधला भाऊ हा भावानंद होतो, संसार सोडतो आणि लोकसेवेसाठी मठ स्थापतो. पुढे दहा वर्षांनी, १२ जून १९०५ रोजी, गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला तेव्हा अनेकांना भावानंदाची आठवण झाली. हरिभाऊंना एवढे निश्चित कळले होते की नायकामागे संस्था उरली पाहिजे. त्यांचा मठ मात्र शिकलेल्या, त्यागी, पांढरपेशा तरुणांचा होता. ज्यांची सेवा करायची ते त्यात सभासद म्हणून कुठे आहेत, हे शोधावे लागते. 'सिंहासन'विषयी (१९७७ ची अरुण साधू यांची कादंबरी, १९७९ चा जब्बार पटेल यांचा चित्रपट) वेगळे काय सांगावे! तिथे कामगार पुढारी डिकास्टाही सत्तेच्या पटावरचीच एक सोंगटी आहे.

आता आम्ही ज्या नगरात राहतो तिकडे वळतो, कारण फकिराच्या धान्याच्या प्रश्नाचे एक उत्तर आमच्या दारात आहे. मुंबईचे घाऊक बाजार ऐंशी-नव्वदच्या दशकांत टप्प्याटप्प्याने वाशीला आले. कांदा-बटाटा, मसाला, धान्य, आणि मग १९९६ च्या सुमारास फळे नि भाजी. मशीद बंदराच्या गल्ल्यांत जी गोणी माणसाच्या पाठीवरून उतरत होती ती आता वाशी-तुर्भ्याच्या फलाटांवर उतरू लागली. गोणी उचलणारा तोच राहिला : माथाडी. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. यांपैकी कितीतरी जण सातारा-सांगलीकडचे आहेत. वाळवा तालुक्यातले वाटेगावही त्याच मुलखात येते. फकिराने जे धान्य एका रात्री लुटून वाटले, ते धान्य ही माणसे रोज उचलत आली आहेत.

पूर्वी त्यांची अवस्था कशी होती? टोळी, टोळीवर मुकादम, मुकादमावर व्यापारी. आज काम आहे, उद्या नाही. मालक एक नाही, म्हणून कोणीच मालक नाही; आजारी पडला, हाड मोडले, तर जबाबदार कोण? अण्णासाहेब पाटील यांनी या माणसांना संघटित केले आणि दीर्घ लढ्यानंतर १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. त्याची कल्पना ऐकायला रुक्ष आहे. शासन, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी असलेले मंडळ स्थापन करायचे. कामगाराने आणि मालकाने तेथे नोंदणी करायची. मालकाने मजुरी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्हीही भरायची. मंडळाने मजुरी कामगाराला द्यायची आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा, बोनस, औषधपाणी पाहायचे. बस. यात घोडा नाही, तलवार नाही, जोगणी नाही. पण मुकादमाच्या मुठीतून मजुरी सुटली ती या रजिस्टरामुळे. हजेरीचा शब्दही येथे उलटा झाला : फकिराच्या काळी हजेरी माणसाला डांबून ठेवण्यासाठी होती, येथे ती त्याला कामगार म्हणून मान्यता देण्यासाठी आहे.

अण्णासाहेबांना नायक म्हणावे का? त्यांचे माथाडी त्यांना दैवतच मानतात. आणि त्यांच्या जीवनाचा शेवट एखाद्या शोकांतिकेत शोभावा असा आहे. मराठा समाजातील गरिबांना आर्थिक निकषावर आरक्षण मिळावे म्हणून २२ मार्च १९८२ रोजी त्यांनी मुंबईत मोर्चा काढला, मागणी मान्य झाली नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. दिलेल्या शब्दाचा भार माणसाला किती होतो हे यातून कळते, आणि असा शेवट कोणालाही येऊ नये असेच वाटते. परंतु आमच्या प्रश्नापुरते एवढे नोंदवावेसे वाटते की नेता गेल्यावर मंडळ बंद पडले नाही. माथाड्याच्या खात्यात त्या महिन्याचीही मजुरी जमा झाली असणार. फकिरा गेल्यावर वाटेगावात असे काय उरले? पोवाडा उरला.

पोवाडा म्हणजे काहीच नव्हे, असे आम्ही म्हणत नाही. १९५८ च्या मुंबईतील दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना अण्णा भाऊंनी पृथ्वीचा भार शेषाच्या मस्तकावर नसून दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर असल्याचे बजावले होते. ज्याने हे ऐकले आहे त्याला गोणीखालचा माणूस पूर्वीसारखा अदृश्य राहत नाही. गुन्हेगार म्हणून ज्याचे नाव चावडीवर लिहिलेले होते तो मराठी कादंबरीचा नायक झाला, हा बदल साहित्याने केला आणि तो साहित्यच करू शकत होते. मात्र त्यास सुधारणा म्हणणे हे कादंबरीवर नसता भार टाकणे होय. कोळसा वेचणारा, गिरणीत राबलेला, चिरागनगरच्या झोपडीत लिहिणारा हा लेखक १८ जुलै १९६९ रोजी विपन्नावस्थेत गेला. माथाडी कायद्याचे वर्षही तेच. लेखकांसाठी असे मंडळ कोणी काढले नव्हते.

मंडळांचे गुणगान करण्याचाही आमचा हेतू नाही. लेव्ही बुडवणारे मालक आहेत, नोंदणीवाचून राबणारे हमाल आहेत, माथाडीचे नाव पुढे करून खंडणी उकळणारे आहेत. शंभर किलोची गोणी पन्नासवर आणण्यासाठीही पुढे वर्षानुवर्षे भांडावे लागले. २०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक शासनाने आणले, तेव्हा मूळ कायदाच पोकळ होईल या भीतीने कामगारांनी त्यास विरोध केला आणि बाजार बंद ठेवले. त्या दिवशी गाळ्यांपुढे मालाच्या गाड्या भरलेल्या उभ्या होत्या आणि गोण्या उतरवायला कोणी नव्हते. कोठार फोडले गेले नाही. त्याला हात लावण्यास नकार दिला गेला. ही कृती कोणा एकाच्या नावाने ओळखली जात नाही, आणि मराठी कादंबरीकाराला ती अजून दिसायची आहे.